घरी केलेला अल्गी स्क्रबर: दीड वर्षाचा अनुभव, मोजमापांसकट

निवळशंख | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

मागे नायट्रेटच्या धाग्यावर मी ओझरतं लिहिलं होतं की माझ्या फिश टँकवर घरी केलेला स्क्रबर आहे, म्हणजे वेगळ्या जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून पाणी साफ करायची सोय. त्यावर बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून तपशील मागितला. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच मांडते, म्हणजे माझं कुठे चुकत असेल तर जाणकार सांगतील.

आधी टाकी. कोथरूड, दुसरा मजला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. रेती-दगड वजा जाता पाणी १६० लिटर. गोडं पाणी, महापालिकेच्या नळाचं. सहा एंजल, आठ कोरी, एक ब्रिसलनोज. झाडं म्हणाल तर लाकडाला बांधलेले दोन अनुबियास, बस.

स्क्रबरकडे मी वळले ते एका वाईट आठवड्यानंतर. काचेवर, लाकडावर, अनुबियासच्या पानांवर शेवाळ इतकं धरायचं की दर तीन-चार दिवसांनी काच घासावी लागे. दुकानात सल्ला मिळाला की शेवाळ मारायचं औषध घाला, दोन दिवसांत काच साफ. घातलं. काच खरंच साफ झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे एंजल पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. मेलेलं शेवाळ टाकीतच कुजत होतं, त्या कुजण्यात प्राणवायू संपत होता आणि वर अमोनिया सुटत होता. तीन मासे गेले. त्यातली एक मादी चार वर्षांची होती, मी काचेपाशी गेले की ती पुढे येऊन थांबायची. त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली: शेवाळ मारून प्रश्न सुटत नाही, ते टाकीच्या बाहेर गेलं पाहिजे.

हे नीट कळायला थोडं गणित करावं लागतं. मी रोज साधारण १ ग्रॅम खाद्य घालते. (अंदाज नाही, सोनं मोजायच्या छोट्या काट्यावर मोजलंय.) खाद्यात ४० टक्के प्रथिनं असतील तर ती झाली ४०० मिलिग्रॅम. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. मासे खातात, अमोनिया बाहेर टाकतात, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सगळं नत्र नायट्रेट झालं असं धरलं तर २८३ मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे माझ्या १६० लिटरमध्ये रोज जवळजवळ १.८ पीपीएमची (लिटरमागे मिलिग्रॅमची) भर. दहा दिवसांत १८. आपला नेहमीचा फिल्टर कितीही भारी असला तरी तो इथेच थांबतो. नायट्रेट पाण्यातच राहतं. ते काढायचे मार्ग मोजकेच: पाणी बदला, किंवा कुणाला तरी ते खाऊ घाला आणि त्या खाणाऱ्याला बाहेर काढा.

पाषाण तलावावर किंवा मुळा-मुठेवर जलपर्णी माजलेली आपण सगळे बघतो. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊनच ती वाढते. पण ती तिथेच कुजली की खाल्लेलं सगळं पुन्हा पाण्यात. यंत्र लावून ती काठावर ओढली जाते तेव्हाच ते नत्र खऱ्या अर्थाने पाण्यातून जातं. स्क्रबर म्हणजे घरातल्या टाकीसाठी हीच व्यवस्था: शेवाळाला वेगळी जागा द्यायची, तिथे टाकीपेक्षा जास्त उजेड आणि जास्त वाहतं पाणी द्यायचं, म्हणजे ते तिथेच जोमाने वाढतं. मग दर दहा दिवसांनी ते खरवडून घराबाहेर काढायचं. ते खरवडणं हेच खरं गाळणं. जो काढणार नाही त्याने स्क्रबर करूच नये.

आता बांधणी. मी धबधबा पद्धतीचा केला: आडव्या पाइपाला खाच, खाचेत उभी जाळी अडकवलेली, पाणी जाळीच्या दोन्ही बाजूंनी पडदा धरून खाली येतं आणि परत टाकीत जातं.

जाळी. यात मी दोनदा हुकले. पहिल्यांदा खिडकीला लावतात ती डासांची नायलॉन जाळी वापरली. शेवाळ धरलं, पण आठव्या दिवशी सगळं एकदम सुटून खाली. गुळगुळीत धाग्याला त्याला पकड मिळत नाही. दुसऱ्यांदा कांद्याच्या पिशवीची जाळी, ती पाण्याच्या वजनाने लोंबली आणि पाणी एका कडेनेच वाहू लागलं. शेवटी भरतकामाला मिळते ती ताठ प्लास्टिकची चौकड्यांची जाळी तुळशीबागेत मिळाली. ती तशीच लावू नका. हॅक्सॉच्या पात्याने दोन्ही बाजूंनी उभी-आडवी-तिरकी खरवडायची, इतकी की तळवा फिरवला तर बोचली पाहिजे. मला अर्धा तास लागला आणि बोटं हुळहुळली, पण शेवाळ धरतं ते या खरबरीतपणामुळेच. माझी जाळी २० सेंटिमीटर रुंद, १५ उंच. तार असलेली कुठलीही जाळी नको. जस्त आणि तांबं पाण्यात उतरतं, कोळंबी आणि गोगलगायी आधी जातात.

पाइप. पाऊण इंची पीव्हीसी, एका टोकाला एंड कॅप. २० सेंटिमीटरची सरळ खाच, रुंदी ३ मिलिमीटर. हॅक्सॉने कापली आणि दुमडलेल्या सँडपेपरने एकसारखी केली. खाच वाकडी झाली तर पाण्याचा पडदा फाटतो आणि तिथली जाळी कोरडी राहते, म्हणून आधी मार्करने रेघ मारून घ्या. प्लंबरचं सोल्युशन लावल्यावर चोवीस तास वाळू द्या आणि धुऊन मगच पाणी सोडा.

पाण्याचा जोर. हौशी लोकांत चालत आलेलं माप असं की खाचेच्या प्रत्येक इंचाला ताशी १३० लिटर. २० सेंटिमीटर म्हणजे आठ इंच, म्हणजे ताशी हजार-साडेदहाशे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, तो उंची शून्य असतानाचा असतो. माझ्या पंपावर २००० लिहिलंय. पाइप वरपर्यंत नेऊन बादलीत सोडला तेव्हा १० लिटरची बादली भरायला ३४ सेकंद लागले, म्हणजे ताशी १०६० लिटरच्या आसपास. निम्मं पाणी उंची आणि एल्बो (पाइपाची वळणं) खातात.

डबा. बोहरी आळीतून आणलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा, टाकीवरच्या फळीवर ठेवलेला. जाळीचं खालचं टोक डब्यातल्या पाण्यात दोन बोटं बुडेल असं ठेवा, पाण्याचा आवाज जवळजवळ बंद होतो. डब्याच्या तळाला भोक पाडून टँक निपल (पाइप जोडायचा तुकडा) लावून पाणी टाकीत परत.

उजेड. डब्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून १०-१० वॅटचा एकेक १२ व्होल्टचा एलईडी पॅनल, बहुतेक लाल ६६० नॅनोमीटरचे, मधे थोडे निळे. तपकीर गल्लीत मिळाले, अडॅप्टरही तिथलाच. उजेड टाकीत सांडू नये म्हणून डब्याला स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळली. खाचेच्या पाइपावर काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर शेवाळ खाचेच्या आत धरतं आणि ती बुजते.

दिवे रात्री १० ते दुपारी १२, चौदा तास. टाकीचा दिवा याच्या उलट. शेवाळ उजेडात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचतं आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) चढतो, अंधारात उलट. दोन्हीकडचा उजेड पाळीपाळीने ठेवला की पीएच फार वरखाली होत नाही. खडकवासल्याचं पाणी मऊ असल्याने माझ्याकडे हा फरक लगेच दिसायचा.

वीज: पंप १८ वॅट चोवीस तास, दिवे २० वॅट चौदा तास. महिन्याला साधारण २१ युनिट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या महिन्यात एका रात्री शेवाळाचा एक पुंजका सुटला आणि टँक निपलच्या तोंडात बसला. डबा भरून वाहिला. पंप तेव्हा टाकीच्या तळाशी होता, त्यामुळे त्याने टाकी निम्मी उपसली. पहाटे उठले तर घोट्यापर्यंत सतरंजी भिजलेली, आणि खालच्या काकूंच्या छतातून थेंब. त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. परतीला एकाऐवजी दोन निपल, दीड इंची, त्यातला एक थोडा उंचावर. प्रत्येकाच्या तोंडाशी प्लास्टिकची मोठ्या भोकांची टोपली. आणि पंप पाण्याच्या पातळीखाली फक्त दोन इंचांवर टांगला. आता काहीही तुंबलं तरी २० लिटरच्या वर पाणी बाहेर येऊच शकत नाही, त्याआधी पंप उघडा पडून थांबतो. बाकी काही केलं नाहीत तरी हे शेवटचं करा.

सविस्तर आकडे आणि खरवडण्याबद्दल खाली प्रतिसादात लिहिते. जेवायची वेळ झाली.


गप्पीप्रेमी | रविवार, दुपारी १२:४०

वा! वाचनखूण साठवली. ताई, माझी टाकी लहान आहे, ४० लिटर. डासांच्या अळ्यांसाठी महापालिका वाटते ते गप्पी आणले होते, आता साठेक झालेत. एवढ्याशा टाकीला धबधबा कसा बसवायचा?


पेठेतला | रविवार, दुपारी ३:०५

मेहनत दिसते आहे, अभिनंदन. पण एक साधी गोष्ट सुचवतो. मी गेली अनेक वर्षं मनी प्लँटच्या फांद्या टाकीच्या मागच्या कडेला अडकवून ठेवतो. मुळं पाण्यात, पानं बाहेर. ना पंप, ना दिवा, ना खालच्या मजल्याला त्रास. मुळं नायट्रेट खातात, वेल भिंतभर चढतो. इतका खटाटोप करण्याआधी लोकांनी हे करून पाहावं.


निवळशंख | रविवार, संध्याकाळी ६:३०

@पेठेतला, काका, अगदी मान्य. मी तेही केलंय आणि अजून दोन फांद्या आहेतच. माझी अडचण अशी की टाकी हॉलच्या आतल्या भिंतीला आहे, तिथे ऊन येत नाही. वेल जगतो, पण वाढत नाही, आणि जो वाढत नाही तो नत्रही खात नाही. ज्यांची टाकी खिडकीजवळ आहे त्यांनी आधी मनी प्लँटच करावा, यात मला शंका नाही. एक काळजी: कुजकी मुळं आणि पिवळी पानं वेळच्या वेळी काढा.

@गप्पीप्रेमी, ४० लिटरला धबधबा नको. तुम्हाला बुडबुड्यांचा करता येईल. काचेला आतून टेकवलेला एक उभा अरुंद डबा, आत खरबरीत जाळी, खालून एअर पंपाची नळी, बाहेरून काचेला दिवा. बुडबुडे जाळीला घासत वर जातात. सगळं टाकीतच असल्याने सांडायची भीती नाही. पण साठ गप्पी ४० लिटरमध्ये म्हणजे कुठलाच स्क्रबर पुरणार नाही. आधी निम्मे कुणाला तरी द्या.


खारंपाणी | रविवार, रात्री ९:१८

छान लिहिलंत. मी समुद्री टाकी ठेवतो, पुण्यात कृत्रिम मिठावर. आमच्याकडे स्क्रबर जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत स्मिथसोनियन या संशोधन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी प्रवाळांच्या खडकावर शेवाळाचा जो आखूड गालिचा असतो, त्यावरून ही पद्धत काढली. पेटंट १९८२ चं. त्यांच्या मूळ रचनेत धबधबा नव्हता, एक बादली भरली की कलंडायची आणि जाळीवरून लाट जायची. खडकावर लाट आपटते तशी.

मापाबद्दल थोडं. परदेशी हौशी मंडळींत ठोकताळा असा आहे की रोज एक गोठवलेला क्यूब खाद्य असेल, म्हणजे सुक्या दाण्यांचे पावणेतीन ग्रॅम, तर १२ चौरस इंच जाळी, दोन्ही बाजूंनी उजेड. तुमचं खाद्य १ ग्रॅम. म्हणजे तुम्हाला पाच चौरस इंचही पुष्कळ. तुम्ही साडेशेचाळीस लावलीत. जाळी गरजेपेक्षा फार मोठी झाली तर खाणं सगळीकडे पातळ पसरतं आणि शेवाळ पिवळट, चिकट होतं. मोजून बघितलंत का किती निघतं ते?


निवळशंख | सोमवार, रात्री १०:०२

@खारंपाणी, मी याच प्रश्नाची वाट बघत होते. मोजलंय, आणि त्यामुळेच त्या ठोकताळ्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

दर दहा दिवसांनी खरवडते. जाळी काढून बाथरूममध्ये नळाखाली धरायची आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरून खाली ओढायचं. जाळी पांढरी होईपर्यंत घासायची नाही, मुळाशी हिरवी साय राहू द्यायची, तिच्यातूनच पुढचं शेवाळ लवकर येतं. मग निघालेलं हातात धरून पिळायचं. पिळल्यावर माझ्याकडे सरासरी ७० ग्रॅम भरतं. ते मी वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत कडकडीत वाळवलं. हिरव्या लोकरीच्या गुंत्यासारखं दिसत होतं ते, वाळल्यावर त्याचा पापड झाला, बोटांनी चुरत होता. वजन ७ ग्रॅम.

सुक्या शेवाळात नत्र ४ टक्के धरा. सात ग्रॅमांत २८० मिलिग्रॅम. दहा दिवसांत मी खाद्यातून घातलेलं नत्र ६४० मिलिग्रॅम. म्हणजे माझी ही 'मोठी' जाळी आलेल्या नत्राचा निम्म्याहूनही थोडा कमी वाटा बाहेर काढते. पाच चौरस इंचांची असती तर किती निघालं असतं? चौरस मीटरचा हिशेब केला तर माझ्या जाळीवर दोन्ही बाजू धरून दिवसाला साधारण ११-१२ ग्रॅम सुकं शेवाळ येतं. शेवाळाची वाढ उजेडावर चालते. उजेड आणि जागा वाढवल्याशिवाय ते जास्त खाणार कुठून?

समुद्री टाकीत वाढ दाट येत असेल, शेवाळ घट्टही धरत असेल, ते तुम्ही जास्त जाणता. गोड्या पाण्यातलं शेवाळ लांब, रेशमी, सैल असतं, पटकन सुटतं. म्हणून गोड्या पाण्याला ते माप लावताना लोकांनी सावध राहावं, एवढंच म्हणते.

आता परिणाम. आधी दर पंधरा दिवसांनी पाव टाकी पाणी बदलत होते, तेव्हा नायट्रेट तपासायच्या किटच्या रंगपट्टीवर ४० आणि ८० पीपीएमच्या मधे. स्क्रबर लावल्यावर पाणी बदलणं तसंच ठेवलं. चार महिने हळूहळू उतरत गेलं आणि २० आणि ४० च्या मधे येऊन थांबलं. त्याच्या खाली गेलं नाही. 'स्क्रबर लावा आणि पाणी बदलणं विसरा' असं कुणी सांगत असेल तर माझ्या टाकीत तरी ते घडलेलं नाही. काच मात्र आता दोन-अडीच आठवड्यांतून एकदा पुसते.


खारंपाणी | सोमवार, रात्री १०:४५

वाळवून वजन केलेलं मी पहिल्यांदाच ऐकतो आहे. आम्ही सगळे ओल्या गोळ्याचे फोटो टाकतो. पटलं. मीही या वेळचं वाळवतो, आधी मीठ धुऊन, नाहीतर मिठाचंच वजन भरेल.

मिठावरून आठवलं: समुद्री टाकीवर करणाऱ्यांनी अडॅप्टर टाकीच्या वर टांगू नये. उडालेल्या पाण्याचं मीठ वायरवर चढत चढत आत जातं. माझा एक अडॅप्टर असाच जळाला.


निवळशंख | मंगळवार, सकाळी ७:५०

हो, विजेबद्दल लिहायचं राहिलं. गोडं पाणी असलं तरी हेच लागू. पाण्याजवळ फक्त १२ व्होल्ट, अडॅप्टर लांब आणि सॉकेटपेक्षा वायर खाली लोंबती, म्हणजे वायरवरून आलेला थेंब जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पंप मात्र २३० व्होल्टचा आहे आणि पाण्यात आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, मग स्क्रबर. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, दर वेळी.


वाघोलीकर | मंगळवार, दुपारी १:२२

नमस्कार. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. तुमचा धागा वाचून पहिल्यांदा नळाचंच पाणी किटने तपासलं. रंग ४० च्या खुणेला टेकला! म्हणजे मी दोन वर्षं दर रविवारी निम्मी टाकी बदलून नायट्रेट कमी करतोय असं समजत होतो, आणि भरत होतो तेच. मन खट्टू झालं. १२० लिटरची टाकी, आठ मॉली, सहा टेट्रा. माझ्यासाठी स्क्रबर योग्य ठरेल का?


निवळशंख | मंगळवार, रात्री ९:३०

@वाघोलीकर, तुमच्यासारख्यांसाठीच तो सगळ्यात योग्य आहे. पाणी बदलून नळाच्या आकड्याच्या खाली कधीच जाता येत नाही. शेवाळ जाऊ शकतं. बदल थांबवू नका, पण निम्म्याऐवजी थोडं थोडं बदला, नाहीतर दर रविवारी नवं नायट्रेट आणून टाकाल.

आणि माशांपेक्षा महत्त्वाचं: पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकामध्ये नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तुमचा आकडा तिला लागून आहे आणि आपलं किट रंगावर चालतं, त्यात चूक असू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट घट्ट होतं. तान्ह्या बाळांना ते विशेष बाधतं. सोसायटीला सांगून प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्या.

उन्हाळ्यातली एक गोष्ट. धबधब्यामुळे बाष्पीभवन वाढतं. एप्रिल-मेमध्ये माझी टाकी एक-दीड अंश थंड राहते, ते चांगलंच, पण रोज पाणी भरावं लागतं. तुमचं बोअरचं पाणी जड असणार. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. भर घालायला जमेल तितकं आरओचं पाणी वापरा. थंडीत उलट, रात्री पारा दहाच्या खाली गेला की हीटर जास्त चालतो.


पेठेतला | बुधवार, सकाळी ९:१५

लाइट गेल्यावर काय करता? आणि गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा खरवडता कसं?


निवळशंख | बुधवार, रात्री ८:४०

काका, दोन-तीन तास लाइट गेली तर जाळी ओली राहते, काही होत नाही. बाहेरगावी असताना एकदा आठ तास गेली होती. वरचा भाग वाळून पांढरा पडला आणि मग सुटला. तेव्हापासून फार वेळ लाइट जाणार असं कळलं तर जाळी काढून टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवते. डब्यातलं पाणी आपोआप टाकीत उतरतं, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली नको, तेवढी जागा रिकामी ठेवा.

दहावा दिवस गुरुवारी आला तर खरवडते आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेल्या पाण्यात. निघालेलं शेवाळ सासूबाई कुंड्यांना घालतात. मोगऱ्याला या वर्षी कळ्या जास्त आल्या असं त्यांचं म्हणणं आहे.


गप्पीप्रेमी | शुक्रवार, रात्री ११:०५

पस्तीस गप्पी शेजारच्या सोसायटीच्या कमळाच्या हौदात सोडले, त्यांनीच मागितले होते. बुडबुड्यांचा डबा रविवारी करते. शेवाळ लवकर यावं म्हणून नदीकाठच्या दगडावरचं आणून जाळीला चोळलं तर चालेल का?


निवळशंख | शनिवार, सकाळी ८:१०

नको! नदीतून शेवाळाबरोबर काय काय येईल सांगता येत नाही. जळवा, परजीवी, शिवाय सांडपाणी. तुमच्या स्वतःच्या टाकीच्या काचेवर जे आहे तेच कापसाने पुसून जाळीवर चोळा. तेवढं पुरतं. आणि नुसतं थांबलात तरी येतंच.


वाघोलीकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:४८

बांधला. जाळी १५ बाय १५, पंप दोन इंचांवरच टांगला. पण आज एकविसावा दिवस आणि जाळीवर नुसता तपकिरी चिखल आहे, मधे मधे हिरवे ठिपके. हाताला बुळबुळीत लागतं. बायको म्हणते काढून टाक. फसलं का?


निवळशंख | रविवार, दुपारी १२:२०

फसलं नाही, अगदी वेळेवर आहे. तपकिरी ते डायॅटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, ते नेहमी आधी येतात. खरवडू नका. जाळी नळाखाली धरा, हाताने हलकं चोळा, तपकिरी वाहून जाईल आणि हिरवे ठिपके चिकटून राहतील. ते ठिपकेच तुमचं बियाणं. लगेच परत लावा.

पुढे रंगाकडे लक्ष ठेवा. गर्द हिरवं, लांब धाग्यांचं आलं तर उत्तम. काळपट आणि चिकट आलं तर खाणं जास्त आणि उजेड कमी, दिवा दोन तास वाढवा. पिवळट, रबरासारखं आलं तर उजेड जास्त होतोय, तास कमी करा. निळसर हिरवी साय येऊन कुजका वास आला तर ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहे. ती पूर्ण पुसून काढा आणि पाण्याचा पडदा कुठे फाटतोय का बघा.


वाघोलीकर | अजून दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:०२

हिरवं! जाळीचे चौकोन दिसेनासे झाले. कार्डाने खरवडलं, तुमच्यासारखं पिळलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: ३८ ग्रॅम. गच्चीत वाळत घातलंय, उद्या सुकं वजन कळवतो. नायट्रेट टाकीत अजून नळाइतकंच आहे, पण पाचव्या आठवड्यात त्याच्यावर गेलेलं नाही.


निवळशंख | रविवार, दुपारी ४:३१

३८! पहिल्या खेपेला माझं २५ सुद्धा भरलं नव्हतं. गच्चीत वर जाळी झाकून ठेवा, कबुतरं उचलतात.